गाडी झोपेपर्यंत

गाडी सुरू झाली नाही याचं पंडितांना तितकंसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते याचं, की बायकोनं गाडीकडे एकदाही न बघता सरळ फोन उचलला आणि साडूंना लावला.

"भावोजी, पुन्हा बसली हो," ती म्हणाली. गाडी बसल्याचं दुःख तिच्या आवाजात औषधालाही नव्हतं. उलट पाहुणे यायचे असले की येतो तसा एक टवटवीतपणा होता, आणि फोन ठेवून ती चांगले कप काढायला आत गेली.

पंडित हे जन्मानं किंवा आडनावानं पंडित नव्हते. ते एका छापखान्यात मुद्रितं तपासत. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका लाल पेनानं गोल करण्यात त्यांचा दिवस जाई. पंडित हे नाव साडूंनी एका लग्नात गमतीनं ठेवलं आणि ते सगळ्या नात्यात असं चिकटलं की बायकोही आपोआप पंडितीणबाई झाली. साडूंचं गाद्यांचं दुकान होतं, म्हणून पंडितांनी त्यांचं नाव गादीवाले ठेवून पाहिलं. ते मात्र कुणी उचललं नाही. पंडित एकटेच ते मनातल्या मनात वापरत.

गादीवाले आले. स्वतःची नवीकोरी गाडी त्यांनी जुन्या गाडीच्या नाकाला नाक लावून उभी केली, डिकीतून केबल काढली, दोन चिमटे इकडे आणि दोन तिकडे लावले. तोपर्यंत इमारतीतली दोन-चार बिऱ्हाडं गॅलरीत आली होती. पंडितांच्या वाट्याला बॉनेट हातानं धरून उभं राहण्याचं काम आलं, कारण बॉनेटची दांडी ढिली होती. गाडी सुरू झाली तेव्हा गॅलरीतून कुणीतरी "वा" म्हणालं, आणि ते बॉनेट धरणाऱ्याला उद्देशून नक्कीच नव्हतं.

"होतं असं," गादीवाले चहा पिता पिता म्हणाले. "बॅटरीचं कसं असतं पंडित, तिला वाटायला लागतं चालायचं."

या वाक्याला काहीही अर्थ नव्हता. पंडितांनी मनातल्या मनात त्याभोवती लाल गोल काढला. पण पंडितीणबाईंनी मान डोलावली, आणखी थोडा चहा ओतला, आणि पंडितांना जे वाटलं त्याला हेव्याशिवाय दुसरं नाव नव्हतं. गादीवाल्यांना गाडीतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. त्यांच्याकडे फक्त केबल होती.

पंडितांना मात्र दुखणं कुठलं आहे ते कळलं होतं. बॅटरी नवी घेऊन झाली होती, आणि तीही दोन-तीन दिवसांआड उतरत होती. म्हणजे दोष बॅटरीचा नव्हता. गाडी बंद केली, कुलूप लावलं, माणसं घरी गेली, तरी तिच्यातला कुठला तरी भाग जागाच राहून गुपचूप वीज पीत बसत होता. तो कुठला, एवढंच शोधायचं राहिलं होतं. चुका शोधण्यात ज्याची हयात गेली त्याला ही एक चूक सापडू नये, हे त्यांना फार लागलं.

त्यात सासऱ्यांचा फोन आला. गाडी मुळात सासऱ्यांची. डोळे अधू झाल्यावर त्यांनी ती धाकट्या जावयाला दिली होती, कारण थोरल्याकडे स्वतःची होती आणि शिवाय थोरला ब्रेक उशिरा मारतो असं त्यांचं मत होतं. आता ते म्हणाले, की रविवारी दुपारी जेवायला येतो, तेव्हा गाडीचं काय ते ठरवून टाकू. ती तुमच्या दारात नुसती उभीच राहणार असेल तर थोरल्यांकडे जाऊ दे. निदान तिथे ती चालेल.

पंडितांना त्या रात्री जेवण गेलं नाही. गाडी गेल्याचं सोसलं असतं. पण त्याच गाडीतून गादीवाले येणार, हॉर्न वाजवणार आणि बायको लगबगीनं खाली उतरणार, हे चित्र काही केल्या डोळ्यांसमोरून हलेना.

रविवारी सकाळी ते एक मीटर घेऊन खाली उतरले. गादीवाल्यांच्या केबलची मेहेरबानी नको म्हणून बॅटरी त्यांनी आदल्या दिवशी गॅरेजमधून भरून आणली होती. आता तिची एक तार सोडवून मधे मीटर अडकवलं. मग दारं लावायची, गाडीतलं सगळं शांत होईपर्यंत वाट बघायची आणि आकडा वाचायचा. आकडा जास्त असला तर एकेक फ्यूज उपटत जायचं. जो उपटल्यावर आकडा पडेल, चोर त्याच्या मागे. फोनवरच्या सूचना त्यांनी मडगार्डवर उभ्या करून ठेवल्या आणि बायकोला बजावलं की कुणीही दार उघडायचं नाही, गाडीला धक्का लावायचा नाही, ती झोपायला हवी.

"मी झोपले असताना कधी इतकं जपलं नाहीत," पंडितीणबाई म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

पंडितांनी ते ऐकलं नाही. ते फ्यूजच्या डबीवर ओणवे झाले होते. एक फ्यूज काढला, आकडा तसाच. तो परत बसवून दुसरा काढला, तसाच. ओळीमागून ओळ तपासावी तसे ते पुढे सरकत होते, आणि डबीच्या खालच्या कोपऱ्यातला एक चिमुकला फ्यूज निघाल्याबरोबर आकडा धपकन खाली आला. हा फ्यूज आतल्या दिव्यांचा होता. तो परत बसवून छताच्या दिव्याचा बल्ब त्यांनी काढला, फरक पडला नाही. पुढच्या खणात दिवाच नव्हता. उरला डिकीचा.

इथे कुणीही शहाणा माणूस डिकीचा बल्ब काढून आकडा बघून मोकळा झाला असता. पण ते अनुमान झालं असतं, आणि पंडितांच्या धंद्यात अनुमानाला जागा नव्हती. मुळाबरहुकूम स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांनी आजवर एक वेलांटीसुद्धा बदलली नव्हती. डिकी उघडली की दिवा लागतो, हे दिसत होतं. झाकणाखालचं बटण बोटानं दाबलं की तो विझतो, हेही दिसत होतं. पण झाकण बंद झाल्यावर ते बटण खरोखर दाबलं जातं का? हे बघायचं तर माणूस आत हवा.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, चप्पल काढून बाजूच्या झाडाखाली ठेवली आणि पाय पोटाशी घेऊन डिकीत आडवे झाले. झाकण पूर्ण लावायचं नाही, नुसतं ओढून धरायचं, असा बेत होता. त्यांनी ओढलं, दिवा चालूच. पण झाकणाला अजून थोडी फट होती, त्यामुळे निकाल देता येईना. अजून जरा ओढलं. फट राहिलीच. आणखी अगदी थोडं ओढलं, आणि खट् असा आवाज झाला.

दिवा चालूच होता.

पंडितांना इतका आनंद झाला की क्षणभर आपण कुठे आहोत हे ते विसरले. नाकापासून वीतभर अंतरावर तो पिवळट दिवा बिनदिक्कत जळत होता. सापडला, ते मोठ्यानं म्हणाले. मग त्यांनी कुलपाच्या आतल्या बाजूला हात लावून पाहिला. तिथे धरण्यासारखं, फिरवण्यासारखं काही नव्हतं. किल्ली होती, पण ती कुलपाला बाहेरून लटकत होती.

आता बायकोला हाक मारायची, एवढंच बाकी होतं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, आणि बाहेर ओळखीची गाडी येऊन थांबली. एक दार उघडून लागलं आणि गादीवाल्यांचा आवाज आला. पंडितांनी घेतलेला श्वास तसाच आवाज न करता सोडून दिला. गुदमरून मेलो तरी चालेल, पण या माणसानं मला डिकीतून काढायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

"आत्ता तर इथेच होते," पंडितीणबाई म्हणत होत्या. "फोनही इथेच आहे. आणि किल्ली बघा, डिकीला टांगलीये."

"हे काय ऑपरेशन मांडलंय?" गादीवाले म्हणाले. "मीटरबिटर."

"कंटाळून गेले असतील कुठेतरी. राहू दे ना भावोजी. बाबा यायच्या आत सुरू करून द्या तेवढी. नाहीतर असं करू, आपणच जाऊन बाबांना घेऊन येऊ. ह्याच गाडीतून. म्हणजे त्यांना वाटेल, गाडी ठणठणीत आहे. पुढचा सगळा प्रश्नच मिटला."

पंडितांना हे ऐकून गहिवरल्यासारखं झालं. बायकोनं गादीवाल्यांना बोलावलं होतं ते गाडी आपल्याकडे राहावी म्हणून. पण बोलावलं गादीवाल्यांनाच होतं, हेही खरं होतं, आणि गहिवर फार टिकला नाही. तेवढ्यात गादीवाल्यांनी मीटर ओढून काढलं असावं, कारण इतका वेळ निर्लज्जासारखा जळणारा दिवा पटकन विझला, आणि तार पुन्हा बॅटरीला लागताच पेटला. तो दिवासुद्धा गादीवाल्यांचं ऐकतो, हे पाहून पंडितांना आणखीच हेवा वाटला.

डोक्याशी किल्ली खुळखुळली आणि निघून गेली. भरलेल्या बॅटरीलाही चिमटे लागले. गाडी सुरू झाली. पुढची दोन दारं लागली. अजूनही हाक मारता आली असती. पण बायको पुढच्या सीटवर गादीवाल्यांच्या शेजारी बसली होती, आणि हे दोघं एकांतात काय बोलतात ते ऐकण्याची अशी संधी पुन्हा आली नसती. मधे फक्त मागच्या सीटची पाठ होती, आणि ती जुनी असल्यामुळे आतला कापूस केव्हाच खाली बसला होता.

गादीवाले ब्रेक उशिरा मारतात हे सासऱ्यांचं मत बरोबर होतं. पंडित प्रत्येक सिग्नलला स्टेपनीवर आपटत होते.

"तुम्ही नसतात तर काय केलं असतं देव जाणे," पंडितीणबाई म्हणाल्या.

पंडितांनी दात आवळले.

"मी नसतो तर पंडितांनी केलं असतं काहीतरी," गादीवाले म्हणाले. त्यांच्या आवाजातला नेहमीचा तोरा कुठे गेला होता कोण जाणे. "तुझी ताई घरी काय म्हणते माहितीये? म्हणते, बघा त्यांच्याकडे. बिघडलं की मुळाशी जातात. तुम्ही दोन चिमटे लावता आणि चहा पिऊन येता. मागे आमचा मिक्सर बंद पडला. मी उघडायला गेलो तर म्हणाली, तुम्ही हात लावू नका, आपण त्यांना विचारू."

"मग विचारलं नाहीत ते?"

"विचारू देतोय! संध्याकाळच्या आत नवा आणून ठेवला."

पंडितीणबाई हसल्या. डिकीत पंडितांच्या चेहऱ्यावर एक रुंद हसू पसरलं, आणि दिवा चालू असल्यामुळे ते वाया गेलं असं म्हणता येणार नाही.

"आता पंडितांना जर तो दोष सापडला," गादीवाले पुढे म्हणाले, "तर मला बोलावणार कोण? दुकानाचं तू बघतेसच. एकदा गादी नेली की माणूस वीस वर्षं तोंड दाखवत नाही. तुमचा फोन आला की बरं वाटतं. कुणाला तरी आपली गरज आहे. मला सापडायला नकोय तो दोष, खरं सांगतो. गाडीही नकोय मला."

पंडितीणबाई म्हणाल्या, "मलाही कधी कधी वाटतं, नाही सापडला तर बरं."

पंडितांचं हसू मावळलं.

"तुम्हाला फोन केला की हे केस विंचरून खाली येतात. तुम्ही गेल्यावर दोन दिवस धुमसत असतात. माझ्याकडे असं बघतात, असं बघतात! इतकी वर्षं डोकं नुसतं कागदात. आता रागानं का होईना, मान वर करून बघतात तरी."

आता हाक मारणं शक्यच नव्हतं. पहिल्यांदा अभिमान आड आला होता, मग संशय आला होता. आता लाज आली होती. पंडित त्या दिव्याकडे बघत निमूट पडून राहिले. ज्या माणसाचा आपण इतके महिने हेवा केला तो आपलाच हेवा करत होता, याचा त्यांना आनंद झाला. बायकोला आपला हेवा गोड वाटत होता, याचा आनंद झाला की राग आला, हे मात्र त्यांना ठरवता येईना.

गाडी थांबली. सासरे दारातच उभे होते. धाकट्यांची गाडी चालत आलेली पाहून ते खूश झाल्याचं त्यांच्या आवाजावरून कळत होतं. काठी टेकत त्यांनी गाडीला एक फेरी मारली, आणि मग पंडितांना नको होते तेच शब्द ऐकू आले.

"ही पिशवी जरा डिकीत टाका हो."

झाकण वर गेलं. उजेडात आधी गादीवाल्यांचं तोंड दिसलं, त्याच्या मागे बायकोचं, आणि मग वाकून बघणाऱ्या सासऱ्यांचा चष्मा. अशा प्रसंगी माणसानं काय म्हणावं याचा पंडितांनी वाटेत विचार केला होता, पण ऐन वेळी तोंडातून एकच वाक्य निघालं.

"दिवा विझत नाही."

"काय?" सासरे म्हणाले.

"डिकी लावल्यावर दिवा विझत नाही. बॅटरी हाच खातो. मी बघितलं."

"कधीपासून बघताय?"

"घरापासून."

सासऱ्यांनी दिव्याकडे पाहिलं, मग पंडितांच्या पोटाशी दुमडलेल्या पायांकडे. हा माणूस भर उन्हात शहर ओलांडून दिव्यावर नजर ठेवत आला, असं त्यांनी स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हटलं.

"मोबाईल ठेवायचा ना आत," गादीवाले मधेच म्हणाले. "व्हिडिओ चालू करून. माणसानं कशाला शिरायला हवं?"

"तुम्ही ठेवला होता का?" सासऱ्यांनी विचारलं.

गादीवाल्यांनी पिशवी नेऊन मागच्या सीटवर ठेवली.

"गाडी ह्यांच्याकडेच राहील," सासरे म्हणाले. "मुलींसाठी स्थळं बघताना मीसुद्धा इतकं निरखून बघितलं नव्हतं."

हे वाक्य दोन्ही मुलींना, दोन्ही जावयांना सारखंच लागण्याजोगं होतं, पण पंडितांनी त्यातला आपल्या सोयीचा भाग तेवढा घेतला. बटणाला टेकणारा झाकणाचा रबरी गट्टू झिजून गेला होता. घरी येताच त्यांनी टेबलावरच्या खोडरबराचा तुकडा कापून तिथे चिकटवला. जेवताना सासऱ्यांनी डिकीचा किस्सा पहिल्यापासून पुन्हा ऐकला. गादीवाल्यांनी पोट बरं नसल्याचं सांगून पानावरून लवकर उठून हात धुतले. सगळे गेल्यावर पंडितीणबाई भांडी आवरता आवरता पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तुम्हाला आतून काही ऐकू येत होतं का?"

"छे, इंजिनाचाच आवाज इतका होता," पंडित म्हणाले.

पुढचे दिवस गाडी रोज पहिल्या फटक्याला सुरू झाली. पंडितांना वाटलं होतं, रोज सकाळी आपल्याला जिंकल्यासारखं वाटेल. एक-दोनदा वाटलंही. मग गॅलरीत कुणी येईनासं झालं. चांगले कप कपाटात गेले. पंडितीणबाई कुणाला फोन करेनात, आणि पंडितांना त्यांच्याकडे रागानं बघायला काही कारण उरलं नाही. बिनकारणाचं नुसतं बघून पाहावं, असं त्यांच्या एकदा मनात आलं. त्यांनी बघितलंही. पण बायकोनं "चष्मा बदललात का?" असं विचारल्यावर ते पुन्हा कागदात शिरले. गादीवाल्यांची तर त्यांना चक्क आठवण येऊ लागली. आपला हेवा करणारा माणूस डोळ्यांसमोर नसेल तर त्याच्या हेव्याचा उपयोग काय?

एका रविवारी सकाळी फोन वाजला. पंडितीणबाईंनी घेतला. पलीकडे त्यांची ताई होती, आणि ती इतक्या भरभर बोलत होती की पंडितांना खुर्चीतूनच निम्मं ऐकू आलं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

पंडितीणबाईंनी फोनवर हात ठेवला. "भावोजी डिकीत अडकलेत."

"कुणाच्या?"

"त्यांच्याच. आपल्याही गाडीचा दिवा विझतो का बघतो म्हणाले आणि सकाळी आत शिरले. आता निघता येत नाही म्हणतायत. ताई म्हणते, पंडितांना पाठव. गाडीचं त्यांनाच कळतं."

पंडित उभे राहिले. इतक्या चपळाईनं ते रविवारी कधी उठले नव्हते.

"पण त्यांची गाडी नवी आहे ना?" पंडितीणबाई विचार करत म्हणाल्या. "नव्या गाड्यांना डिकी आतून उघडायची सोय असते, असं त्यांनीच सांगितलं होतं."

"असते," पंडित म्हणाले.

"मग?"

पंडितांना त्याचं उत्तर माहीत होतं, पण ते इंजिनाच्या आवाजात ऐकलेलं होतं, त्यामुळे सांगता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी आरशासमोर जाऊन केस विंचरले. भांग नीट पडला नाही म्हणून मोडला आणि पुन्हा पाडला. बायको दारात उभी राहून हे बघत होती. फोनमधून ताईचा आवाज अजून येत होता. ती म्हणत होती, लवकर पाठव गं, मी ह्यांना सांगितलंय की ते येतील तोवर हलू नका.

"दोन वेळा भांग?" पंडितीणबाई म्हणाल्या.

"वारा असतो बाहेर."

पंडितीणबाईंनी फोन बंद केला. गॅस बंद केला. मग खुंटीवरची पर्स काढून त्या पंडितांच्या आधी दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

"चला," त्या म्हणाल्या. "मीही येते."